तळं हिरवं झालं आणि हिशेब माझ्याच उसाचा निघाला

ओढ्याकाठचा:
राम राम मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गाव करवीर तालुक्यात. ओढ्याला लागून तीन एकर ऊस, आणि तो ओढा पुढं गावतळ्यात जातो. गेले दोन उन्हाळे तळ्याचं पाणी ऑइलपेंट सांडल्यासारखं हिरवं होतंय. वास येतो, गुरं तोंड लावत नाहीत, पहाटे मासे वर येऊन आ वासतात. ग्रामसभेत यावर तासभर भांडण झालं. वरच्या वस्तीचे संडास, धुण्याची पावडर, पोल्ट्री, सगळ्यांची नावं निघाली. उसाचं नाव कुणी काढलं नाही, कारण बसलेले सगळे ऊसवालेच. मीही गप्प बसलो.

घरी येऊन माती परीक्षणाचं कार्ड शोधलं. उपलब्ध स्फुरद (म्हणजे फॉस्फरस, ज्यानं शेवाळ फोफावतं) हेक्टरी ४८ किलो. दहाच्या खाली कमी, पंचविसाच्या वर भरपूर, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे माझं भरपूरच्याही जवळजवळ दुप्पट. आणि मी काय करत होतो? आडसालीची (पावसाळ्यात लावायच्या, दीड वर्षाच्या उसाची) शिफारस नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी ४००:१७०:१७० किलो, म्हणजे एकरी स्फुरद ६८ किलो, म्हणजे डीएपी या स्फुरदाच्या खताची तीन पोती. तेवढीच टाकत होतो. शिफारशीच्या बाहेर गेलो नाही म्हणून निर्धास्त.

पण लागणीआधी एकरी एक ट्रॉली कोंबडखत पडतं, ते कधी मोजलंच नव्हतं. ट्रॉलीत तीन टन धरा. कोंबडखतात स्फुरद अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७५ किलो. सव्वातीन पोती डीएपी तर कोंबड्यांनीच घातलं! दोन्ही मिळून एकरी १४३ किलो. टनामागं ऊस अर्धा ते एक किलो स्फुरद नेतो. पन्नास टन निघाला तरी पन्नास किलोच्या वर जात नाही. उरलेलं कुठं गेलं?

अजून एक आकडा काढला आणि झोप उडाली. पोत्यावरचा स्फुरद ऑक्साइडच्या रूपातला असतो, तो सोडून डीएपीच्या एका पोत्यात निव्वळ फॉस्फरस १० किलो. तळ्याच्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की शेवाळाला रान मोकळं. त्या हिशेबानं एक पोतं ३३ कोटी लिटर पाण्याला पुरतं. २७ एकरांचा, सरासरी दहा फूट खोल तलाव. आमचं तळं त्याच्या निम्मंही नाही.

तर प्रश्न दोन. डीएपी एकदम बंद केलं तर टनेज पडेल का? आणि रानातलं ओढ्यात जाणारं अडवायचं कसं?

कृष्णाकाठ:
भावा, तुझं मन लई मोठं हाय, पर जरा दमानं घे. पंचगंगेत शहरं आणि कारखानं काय काय सोडत्यात ते आधी बघ की. इचलकरंजीजवळ नदी दिसत न्हाई, नुसती जलपर्णी दिसती. त्यांना कोण इचारंना आणि आपून आपल्याच कपाळाला राख लावून घ्यायची व्हय? आमच्या शिरोळात पंचवीस वर्सं डीएपी टाकतूय. डीएपी बंद केलं तर पहिल्या महिन्यातच कोंब पिवळं पडतील, लिहून ठेव.

नीलांबरी:
वाचनखूण साठवली. घरचे शेतीत आहेत, मी शहरात. स्फुरद मातीला घट्ट धरून बसतो, नत्रासारखा वाहून जात नाही, असं शाळेत शिकल्याचं आठवतं. मग तो तळ्यात जातोच कसा?

मृदा_मास्तर:
नीलांबरीताई, शाळेत बरोबर शिकवलं, फक्त अर्धंच शिकवलं.

आपल्या काळ्या रानात चुनखडी असते. डीएपीचा दाणा विरघळला की त्यातला स्फुरद चुन्याला चिकटतो, कोकणातल्या तांबड्या मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटतो. म्हणून टाकलेल्यापैकी पहिल्या वर्षी पिकाच्या तोंडी लागतो साधारण पाचवा हिस्सा. बाकीचा मातीतच राहतो, वाया जात नाही. पंचवीस वर्षं हे चाललं की रानात स्फुरदाचा साठा होतो. ओढ्याकाठचा यांच्या कार्डावरचे ४८ म्हणजे तो साठा.

आता तो बाहेर कसा पडतो. स्फुरद मातीला धरून बसतो, पण माती कुठं जागेवर बसते? पावसाच्या गढूळ पाण्यातून तीच जाते, आणि सोबत तो जातो. एक एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला की चार घनमीटर, म्हणजे पाच टन माती गेली. एवढी झीज डोळ्याला दिसतही नाही. त्यात सगळ्या प्रकारचा मिळून अडीच ते पाच किलो फॉस्फरस असतो. तो सगळा लगेच शेवाळाच्या कामाचा नसतो हे खरं, पण तळाच्या गाळात बसून तो वाट बघतो.

दुसरी वाट विरघळलेल्या स्फुरदाची. रांजण रिकामा असेल तर ओतलेलं पाणी आत राहतं, भरला की ओघळतं. मातीच्या चिकटवून घेण्याच्या जागा भरत आल्या की जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यात स्फुरद सुटा उतरायला लागतो. हे पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

आणि आता वेळ बघा. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. कोल्हापूरचा पाऊस तेव्हाच भरात असतो. त्या दिवसांत सरीत वरच्यावर डीएपी फेकून झाकलं नाही, रात्री धो धो आलं, तर सकाळी तुमचं खत ओढ्यात. वर्षभरात जो स्फुरद रानाबाहेर जातो, त्यातला मोठा भाग अशा दोन-चार दांडग्या पावसांतच जातो.

ओढ्याकाठचा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ४८ असताना डीएपी निम्मं केलं तर टनेज पडत नाही. शिफारशीतच तशी सोय आहे. कार्डावर स्फुरद भरपूर आला तर पाव हिस्सा कमी, अत्यंत भरपूर आला तर निम्मा कमी. ती ओळ कुणी वाचत नाही, एवढंच. त्यात कोंबडखत टाकणार असाल तर डीएपीची गरजच उरत नाही, नत्र युरियातून द्या.

जाता जाता: कार्डावरचा आकडा निव्वळ फॉस्फरसचा, डीएपीच्या पोत्यावरचे ४६ टक्के ऑक्साइडच्या रूपातले. पोत्यावरच्या आकड्याला ०.४४ ने गुणलं की दोन्ही एका भाषेत येतात. हा घोळ पदवीधरही घालतात.

कृष्णाकाठ:
मास्तर, कोंब पिवळं पडतात त्याचं काय मग?

मृदा_मास्तर:
पिवळे, की हिरव्या शिरा आणि मधे पिवळं, वरची पानं आधी? तसं असेल तर तो केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात स्फुरद जास्त झाला की लोह आणि जस्त पिकाला मिळायला अडचण होते. म्हणजे डीएपी जास्त टाकायचं, केवडा पाडायचा, आणि मग फेरस सल्फेट विकत आणून फवारायचं. स्फुरद कमी पडला तर पानं पिवळी नाही, गडद आणि जांभळट होतात. मक्यात लगेच ओळखू येतं.

कृष्णाकाठ:
... फवारतूय खरं. दरवर्सी.

पाण्याचा_हिशेबनीस:
कृष्णाकाठ यांचा मुद्दा झटकून टाकू नका. माणशी रोज साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस शरीरातून बाहेर पडतो. लाख वस्तीच्या शहराचा दीडशे किलो, म्हणजे रोज डीएपीची पंधरा पोती. साबण-पावडरी वेगळ्याच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालू असलं तरी नेहमीच्या पद्धतीत यातला बराचसा तसाच पुढं जातो, कारण फॉस्फरस काढायची प्रक्रिया वेगळी लावावी लागते. उजनीचं पाणी हिरवं का, याचं उत्तर शोधायला सोलापूरच्या शेतात आधी जाऊ नका. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे.

पण धागाकर्त्यांच्या ओढ्यावर शहर नाही. वरची वस्ती किती? आठशे धरली तर वर्षाला सव्वाचारशे किलो फॉस्फरस होतो, पण शोषखड्ड्यांत गेला तर तिथली माती तो धरून ठेवते. गटार उघडं ओढ्यात असेल तर गोष्ट वेगळी. ते आधी चालत जाऊन बघा. भांडण मोठ्या नदीचं आणि तळं छोटं, असं नको.

ओढ्याकाठचा:
काल बघून आलो. दोन गटारं सरळ ओढ्यात आहेत, बाकी खड्डे. म्हणजे त्यांचंही थोडं खरं, आमचंही खरं.

सातासमुद्रापार:
मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. ऑगस्ट २०१४ मध्ये आमच्या टोलेडो शहरात शनिवारी पहाटे सूचना आली की नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नाही. उकळलं तर विष उलट वाढतं, कारण पाणी आटतं आणि विष तसंच राहतं. लेक इरीमध्ये नीलहरित शेवाळ फुललं होतं आणि त्याचं विष शहराच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी पोचलं होतं. चार लाखांहून जास्त लोक, दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या. सोमवारी पाणी सुरू झालं. त्यामुळे तुमच्या तळ्याला गुरं तोंड लावत नाहीत ते शहाणीच म्हणायची. लावू देऊही नका.

इथं फॉस्फरस आला लेक इरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातून, मका आणि सोयाबीनच्या शेतांतून. गंमत म्हणजे माती वाहू नये म्हणून लोकांनी नांगरट कमी केली, आणि ते चांगलंच होतं. पण खत वरच्यावर फेकत राहिले. मग वरच्या दोन इंचांत फॉस्फरस साचला आणि सुटा होऊन वाहू लागला. शेताखाली निचऱ्याचे पाइप आहेत, त्यांतूनही गेला.

मृदा_मास्तर:
शिरोळ, वाळव्याकडच्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. खारपड (क्षार साचलेल्या) रानात आपणही आता सच्छिद्र पाइप पुरतोय, आणि ते करायलाच हवं. पण काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पाण्याला वरचं खत त्या भेगांतून सरळ पाइपात. भेगा असताना खत वर टाकून पाणी सोडू नका.

तळं हिरवं व्हायला नत्र नाही, फॉस्फरसच का कारण ठरतो, असं कुणी विचारेल म्हणून: कॅनडातल्या ओंटारिओत १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र, दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार, दुसरी तशीच. विमानातून काढलेल्या त्या एका फोटोनं बरेच वाद मिटवले.

माळावरची_आक्का:
एवढं सगळं वाचलं. आमच्यात खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या पिकाला) पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची पहारीची पद्धत करतो, चार वर्षं झाली. तोडणी झाली की पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवायचं नाही, सरीत तसंच पसरायचं. बुडखे जमिनीलगत छाटायचे. पंधरा दिवसांच्या आत बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीनं वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत टाकायचं, पायानं बुजवायचं. दुसरा हप्ता चार-साडेचार महिन्यांनी, विरुद्ध बाजूला. खत दोनदाच द्यायचं.

बायकांच्या जोडीनं करायचं काम आहे, एक पहार मारते, एक खत टाकते. मजुरी जाते हे खरं. पण भांगलणीची मजुरी वाचते, कारण पाचटाखाली तण येत नाही. आणि पावसात सरीतून पाणी येतं ते जवळजवळ नितळ. शेजारच्या पेटवलेल्या रानातलं चहासारखं.

कुणी म्हणेल पाचटात उंदीर होतात. होतात. मांजर पाळा.

ओढ्याकाठचा:
आक्का, दंडवत. आमच्यात तोडणीवाले जायच्या आधीच काडी लागलेली असते.

खतवाला_काका:
माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे शिव्या खायला मीच आलोय. दुकानाची बाजू ऐका. शेतकरी दुकानात येतो तो "डीएपी आहे का" असंच म्हणतो, कार्ड घेऊन येणारा महिन्यातून एखादा. आणि डीएपी ऐन हंगामात येत नाही. आलं तर वरून दुसरं काहीतरी गळ्यात बांधतात, ते मी तुमच्या गळ्यात बांधतो, आणि तुम्ही मला शिव्या देता. पोतं १३५० ला मिळतं ते सरकार भरतं म्हणून. २०२२ च्या खरिपात एका पोत्यामागं अडीच हजारांवर अनुदान होतं. स्वस्त दिसतं म्हणून सढळ हात.

एक विचारतो, सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं तर तळं हिरवं होणार नाही का? गिऱ्हाईक विचारतात.

मृदा_मास्तर:
होईल. तळ्याला पोत्याचं नाव कळत नाही. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, सोबत गंधक मिळतं, ते आपल्या रानाला चांगलं. पण किलोला किलो स्फुरद तोच. शेणखत, कोंबडखत, प्रेसमड (साखर कारखान्यातला रसाचा गाळ) यांचंही तेच. "सेंद्रिय आहे, कितीही टाका" हे वाक्य मी बंदी घालण्याच्या लायकीचं समजतो. शेणखतात स्फुरद कमी म्हणून चालून जातं, कोंबडखत आणि प्रेसमड मोजूनच टाकायचं.

हौशी_बागायतदार:
ठिबकमधून १२:६१:० हे पाण्यात विरघळणारं खत दिलं तर? थोडं थोडं देता येतं, वाहून जायचा प्रश्न नाही.

मृदा_मास्तर:
उत्तम, पण विहिरीचं पाणी जड असेल तर चुन्याशी साका धरून ड्रिपर बुजतात. आधी बाटलीत पाणी आणि खत मिसळून रात्रभर ठेवा, तळाला पांढरं बसलं तर सावध. आणि कार्डावर ४८ असेल तर मुळात द्यायचं कशाला? त्यापेक्षा पीएसबी जिवाणू द्या, साठलेल्यातला थोडा स्फुरद पिकाला मोकळा करून देतात. जाहिरातीत लिहितात तेवढा नाही, थोडा.

ओढ्याकाठचा:
आता दुसरा प्रश्न. ओढ्याच्या कडेनं दहा फूट गवताची पट्टी सोडा असं सगळे म्हणतात. माझी कड तीनशे फूट. म्हणजे पावणेतीन गुंठे. एकरी पन्नास टनांच्या हिशेबानं साडेतीन टन ऊस गेला, टनाला तीन हजार धरले तरी दहा हजार रुपये दरवर्षी. तळं सगळ्या गावाचं, दहा हजार माझे. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

माळावरची_आक्का:
नुसतं गवत कुणी सांगितलं? मारवेल लावा, नेपियर लावा, कापून म्हशीला घाला. दोन म्हशींची ओली वैरण विकत घेता ना? तिचा हिशेब त्या दहा हजारांतून वजा करा.

मृदा_मास्तर:
आणि कापलंच पाहिजे. गवतानं उचललेला स्फुरद कापून बाहेर नेला तरच पट्टी काम करते, वाळून तिथंच कुजला तर परत ओढ्यात. पाणी पट्टीवरून पसरून गेलं पाहिजे. बहुतेक रानांत एका कोपऱ्यात ओघळ पडलेली असते आणि सगळं पाणी तिथूनच जातं, मग दहा फूट काय नि पन्नास फूट काय. आधी ती ओघळ दगड लावून बांधा.

पाण्याचा_हिशेबनीस:
रच्याकने, मोजायचं असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात फॉस्फेट तपासायचा संच मिळतो. तो फॉस्फेट दाखवतो, फॉस्फरससाठी आकड्याला तीनने भागा. आणि तो फक्त विरघळलेला मोजतो, गाळातला नाही. गाळासाठी सोपी युक्ती: दांडग्या पावसात रानाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एकेक लिटरची बाटली भरा, दोन दिवस ठेवा, तळाला किती बोटं गाळ बसला बघा.

ओढ्याकाठचा:
(सव्वा महिन्यानंतर) बाटल्या भरल्या. वरच्या अंगाला गाळ नखाएवढा, खाली दीड बोट. ग्रामपंचायतीत टेबलावर नेऊन ठेवल्या. कुणी काही बोललं नाही, पण एकानं बाटली उचलून हलवून बघितली.

लागण झाली. एका एकरात डीएपी शून्य, नुसतं कोंबडखत अर्धी ट्रॉली. दुसऱ्यात एक पोतं, सरीत टाकून मातीनं झाकून. तिसऱ्यात वडिलांच्या आग्रहाखातर जुनं माप. ते अजून म्हणतात, "पोरा, रान उपाशी ठेवू नये." त्यांच्याशी वाद घातला नाही.

हौशी_बागायतदार:
आणि तळ्याचं काय? उद्यापासून सगळ्यांनी डीएपी बंद केलं तरी आत साचलेलं आहेच ना?

मृदा_मास्तर:
आहे. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातला लोहाला धरलेला स्फुरद सुटून परत वर येतो. म्हणून वरचा पुरवठा तोडला तरी काही वर्षं तळं हिरवं होत राहील. गावाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या बाटल्या फेकून देतील. गाळ काढता येतो. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आहे. फक्त तो गाळ ओढ्याकाठच्या ४८ वाल्या रानात टाकू नका, वर माळाच्या हलक्या रानात न्या. तुमचंच खत आहे ते, एकदा पैसे मोजून घेतलेलं.

कृष्णाकाठ:
मास्तर, मी बी कार्ड हुडकलं. आईनं लोणच्याच्या बरणीखाली घातलं हुतं. नत्र दिसतंय, पालाश दिसतंय, स्फुरदावर नेमकं तेल सांडलंय. परत माती काढाया लागनार. खोडवा तुटला की काढू का?

मृदा_मास्तर:
तेव्हाच काढा, खत टाकायच्या आधी. रानात आठ-दहा ठिकाणी नागमोडी फिरा, बांधाकडेची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी घ्यायची. वरची दोन इंच माती वेगळ्या पिशवीत पण घ्या, मला बघायची आहे. खुरपं गंजलेलं नको. आणि पिशवी खताच्या पोत्याची नको.

कृष्णाकाठ:
खताचीच काढली हुती. बदलतो.